स्की मशीनवरचा राम राम

“मॅडम, तुम्ही सांगितलं तसंच केलं. आता हे बघा.”

एवढं बोलून सुभाषनाना माझ्या टेबलासमोर उभे राहिले. उभे म्हणजे डावीकडे कललेले. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात प्रचाराची पत्रकं. बसा म्हटलं तर म्हणाले, “बसलो तर उठवायला दोघं लागतील. राहू द्या.”

मी फिजिओथेरपिस्ट आहे. क्लिनिक जळगावात, आणि मंगळवार-शुक्रवार धुळ्याला एका जिममध्ये बसते. नाना धुळ्याचे. ठिबकच्या नळ्यांचं आणि पाइपांचं दुकान, वय अठ्ठावन्न. बाजारातल्या व्यापारी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभे होते आणि मतदान पंधरा दिवसांवर आलं होतं.

दीड महिन्यापूर्वी त्यांचे गुडघे दुखत होते. ट्रेडमिल बंद करा, स्की मशीन करा, असं मीच कागदावर लिहून दिलं होतं. सहीसकट. त्यामुळे ती वाकडी कंबर बघून मला पहिल्यांदा दया आली नाही, भीती वाटली.

स्की मशीन म्हणजे काय ते सांगते. बर्फावर लोक पायाला पट्ट्या बांधतात आणि दोन काठ्या टेकत पुढे सरकतात, तो व्यायाम घरात करायचा. धुळ्यात बर्फ रसवंतीवर मिळतो तेवढाच, पण जिमचे मालक राजूभाऊ हौशी माणूस. त्यांनी मशीन मागवलं. माणसापेक्षा उंच खांब, वर दोन दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला हँडल. हँडल खाली ओढली की आतला पंखा फिरतो. जितक्या जोरात ओढाल तितकी हवा जास्त अडवते. पाय जमिनीवरच राहतात, म्हणून गुडघ्यांना धक्का बसत नाही. माझा सल्ला चुकीचा नव्हता, हे मी स्वतःला त्या दिवशी चार-पाच वेळा सांगितलं.

नानांना तपासलं. पाय उचलून बघितला, मुंग्या येतात का विचारलं. नस दबलेली नव्हती. कमरेचा डावीकडचा स्नायू आखडून दगड झाला होता, बस. शेक, दोन दिवस विश्रांती, मग हलके व्यायाम.

“दोन दिवस चालेल,” नाना म्हणाले. “त्याच्यावर नाही. सकाळच्या बॅचला अर्धं मंडळ येतं. मी दिसलो नाही तर प्रकाशशेठ मला खाटेवर झोपवून मोकळा होईल.”

प्रकाशशेठ म्हणजे समोरचे उमेदवार. ते दुकानोदुकानी एकच वाक्य सांगत फिरत होते, “ज्यानी कंबर सरळ नही, तो मंडळ काय सरळ चालाडी?” वाक्य चांगलं होतं. जिममध्येही लोक ते सांगून हसायचे, नाना आले की गप्प व्हायचे.

“मॅडम, पंधरा दिवसांत मला सरळ उभं करा,” नाना म्हणाले. “नाहीतर मी पडलो तर लोक म्हणतील, जळगावच्या मॅडमनी पाडला.” ते हसत म्हणाले, पण मला काही हसू आलं नाही.

शुक्रवारी सकाळी अकराला, जिम रिकामी असताना, मी त्यांना मशीनवर उभं केलं. पहिली गोष्ट सापडली ती मशीनच्या बाजूची खिट्टी. हवा किती आत घ्यायची ते या खिट्टीवर ठरतं, एक ते दहा आकडे असतात. ती दहावर होती.

“राजूभाऊ, दहावर कोणी ठेवली?”

“मी. ताई, दहापर्यंत आहे तर चारवर कशाला चालवायचं? पूर्ण मशीन घेतलंय आपण.”

चारवर आणली. राजूभाऊंना आपलं निम्म्याहून जास्त मशीन वाया गेल्यासारखं वाटलं असावं, कारण ते तिथून निघून गेले.

मग टेक्निक. बहुतेक लोक या मशीनवर विहिरीतून बादली काढल्यासारखे नुसते हात ओढतात. दंड भरून येतात आणि मिनिटभरात दम संपतो. खरा जोर पाठीच्या दोन्ही बाजूंच्या रुंद स्नायूंचा आणि पोटाचा. हात डोक्याच्या वर, कोपरं जराशी वाकलेली. पोट घट्ट करायचं आणि कमरेतून नव्हे, मांड्यांच्या सांध्यातून वाकायचं. पाठ फळीसारखी सरळ, गुडघे किंचित सैल. वजन खाली येतं आणि त्याच्याबरोबर हात येतात, चेहऱ्याजवळून मांड्यांच्या मागेपर्यंत. शेवटचा रेटा दंडाच्या मागच्या स्नायूचा. मग नितंब आवळून सरळ व्हायचं आणि हात पुन्हा वर. खाली जाताना श्वास सोडायचा.

हे सगळं सांगण्यापेक्षा मी नानांना माझ्या अब्बांचं सांगितलं. अब्बा पिंजारी, गाद्या भरायचे. गादी शिवून झाली की काठीने झोडून कापूस बसवायचा असतो. नवा माणूस हाताने झोडतो आणि दुपारी खांदा धरून बसतो. अब्बा काठी वर न्यायचे आणि अख्खं अंग खाली सोडायचे. सत्तरीपर्यंत झोडत होते.

“म्हणजे अंग टाकायचं,” नाना म्हणाले आणि त्यांनी टाकलं. पहिल्याच वेळी बरोबर. दहा वेळा करून घेतलं, दहाही बरोबर. दोन्ही हात सारखे, पाठ सरळ, श्वास जागेवर. मी मनात म्हटलं, चला, वाचले. शनिवारपासून सकाळी दहा मिनिटं करायला परवानगी दिली.

मंगळवारी नाना पुन्हा डावीकडे कलून उभे.

आता मला राग आला. “नाना, मी दाखवलं तसं करता का?”

“देवाशप्पथ.”

पुन्हा मशीनवर उभं केलं. कण्हत का होईना, पण पुन्हा बरोबर. एकही चूक नाही. इतक्या वर्षांत मी चुकीचा व्यायाम करणारे हजार बघितले. बरोबर व्यायाम करून कंबर मोडणारा पहिलाच.

राजूभाऊ बाजूला येऊन हळूच म्हणाले, “ताई, मी मशीन परत पाठवतो. बाजारात त्याला कंबरतोड मशीन म्हणायला लागले. आणि तुमचं पण जरा… लोक बोलतात.” मला कळलं. माझे मंगळवार-शुक्रवार धोक्यात होते.

मतदानाला आठ दिवस उरले होते. मी रात्री जळगावला परत गेले नाही. आपाचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, घर धुळ्यातच आहे, तिथे झोपले आणि बुधवारी सकाळी सहाला जिममध्ये कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसले. नानांना सांगितलं, मी नाही असं समजा.

मशीन भिंतीला ठोकलेलं. करणाऱ्याचं तोंड भिंतीकडे, आणि जिमचं दार त्याच्या डाव्या हाताला, जरा मागे. नानांनी सुरुवात केली. सुंदर चाललं होतं. पाच वेळा, सहा वेळा. तेवढ्यात दार उघडलं.

“राम राम नाना.”

नाना अर्धे वाकलेले होते. तसेच ते डावीकडे वळले, उजव्या हातातलं हँडल सोडलं, तो हात कपाळाला नेला आणि म्हणाले, “राम राम, राम राम. काय चालनं?” डाव्या हाताने मशीन ओढणं चालूच. दोन सेकंदांत दुसरा मतदार आत. पुन्हा पिळा, पुन्हा राम राम. मग तिघं एकदम आले, तेव्हा नानांनी वाकलेल्या अवस्थेत तिघांकडे एकेक करून बघितलं आणि तिसऱ्याच्या मुलाचा रिझल्टही विचारला.

मी मोजलं. दहा मिनिटांत तेवीस राम राम. वाकलेली कंबर, वरून ओढ, आणि त्यात डावीकडे पिळा. ओला टॉवेल पिळतात तसं त्या स्नायूचं रोज सकाळी चाललं होतं. खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं मला, अगदी खरं सांगते. चूक टेक्निकची नव्हती, निवडणुकीची होती.

मी नानांना बाजूला घेतलं. “मशीनवर असताना कोणालाही राम राम करायचा नाही. दहा मिनिटं फक्त.”

नाना माझ्याकडे बघतच राहिले. “मॅडम, तुम्ही माझी कंबर वाचवाल. पण मतं?”

“दहा मिनिटांत मतं जात नाहीत.”

“तुम्ही जळगावला राहता,” नाना म्हणाले, “म्हणून असं बोलता.”

तरी त्यांनी ऐकलं. गुरुवारी सकाळी भिंतीकडे तोंड करून, दात आवळून दहा मिनिटं केली. कोणाला ओळख दिली नाही. साडेसातला पोपटशेठ, म्हणजे डाळीचे मोठे व्यापारी आणि त्यांच्या गल्लीतली वीसेक मतं ज्यांच्या शब्दावर पडतात ते, बाहेर चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगत होते, “मी दोनदा राम राम कया. नाना देखे नही. आतेच असं, मंग अध्यक्ष व्हयना तर काय व्हई?” दुपारी दोनपर्यंत ते प्रकाशशेठकडे पोचलं. तीनला नानांचा मला फोन आला.

“कंबर कशी आहे?” मी विचारलं.

“कंबर एकदम चांगली आहे,” नाना म्हणाले. “पोपट गेला.”

त्या फोननंतर मला वाईट वाटलं. माणूस माझ्यावर विश्वास ठेवून भिंतीकडे बघत उभा राहिला, आणि त्याचं नुकसान झालं. संध्याकाळभर विचार केला. राम राम बंद होणार नाही हे मान्य. मग पिळा बंद झाला पाहिजे. आणि पिळा होतो कारण दार डावीकडे आहे. दार काही हलवता येत नव्हतं.

शुक्रवारी राजूभाऊंना विचारलं, “हे मशीन भिंतीशिवाय उभं राहतं का?”

“राहतं. कंपनीने खाली लावायचा स्टँड दिला होता.”

“मग तो कुठे आहे?”

राजूभाऊ जरा घुटमळले. मागच्या खोलीत स्टँड आडवा टाकून त्यावर जिमचे टॉवेल वाळत घातले होते. दुपारी टॉवेल काढले, मशीन भिंतीवरून उतरवलं, स्टँडला नीट बोल्ट लावले आणि दारासमोर दहा फुटांवर उभं केलं, मशीनची पाठ दाराकडे. आता करणाऱ्याचं तोंड सरळ दाराकडे. खांब अरुंद आहे, त्याच्या दोन्ही बाजूंनी येणारा माणूस चांगला दिसतो.

नानांना सांगितलं, “हँडल सोडायची नाहीत. मान वळवायची नाही. कोणी आलं की तोंडाने राम राम म्हणा आणि व्यायाम चालू ठेवा.”

शनिवारी बघायला मी पुन्हा आपाकडे थांबले होते. आपा म्हणाली, तू इथेच लग्न केलं असतंस तर सोपं झालं असतं.

सव्वासहाला दार उघडलं आणि नेमके पोपटशेठच आत आले, तोंड फुगवून. समोर नाना. दोन्ही हात डोक्याच्या वर गेलेले. नानांनी त्यांच्याकडे बघितलं, “राम राम पोपटशेठ,” म्हणाले, आणि मांड्यांच्या सांध्यातून, पाठ सरळ ठेवून, पूर्ण खाली वाकले. हात मांड्यांच्या मागेपर्यंत. मी शिकवलं होतं तसंच, तंतोतंत.

पोपटशेठ जागेवर थांबले. नाना वर आले, पुन्हा वाकले. पुन्हा वर, पुन्हा खाली. पोपटशेठांनी घाईने हात जोडले.

“नाना, ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “इतलं वाकू नका. मत तुम्हलेच शे.”

मी बाकावर बसून तोंडाला रुमाल लावला होता. नानांना काय चाललंय ते कळलं असावं, कारण त्यांनी वेग वाढवला नाही. प्रत्येक येणाऱ्यासाठी एक पूर्ण, सावकाश, शिस्तशीर वाकणं. सोमवारपर्यंत बाजारात सगळीकडे झालं की नाना फार नम्र माणूस, या वयात एवढं वाकतो आणि कंबरही ठणठणीत. कंबरतोड मशीनचं नाव कोणी घेईना. मंगळवारी प्रकाशशेठ स्वतः बघायला आले. त्यांच्यासाठीही नाना पुरते वाकले. प्रकाशशेठ गोंधळले, त्यांनीही वाकून राम राम केला आणि कमरेत चमक भरल्यासारखे हळूच सरळ झाले. मी त्यांना माझं कार्ड दिलं.

बुधवारी मतदान झालं. नाना निवडून आले. राजूभाऊंनी जिममध्ये पेढे वाटले आणि खिट्टी आनंदाने दहावर नेली. मी परत चारवर आणली. माझे मंगळवार-शुक्रवार अजून चालू आहेत.

तेव्हापासून मी नव्या पेशंटला कुठे दुखतं एवढंच विचारत नाही. दुखतं त्या वेळी समोरून कोण येतं, हेही विचारते. निम्म्या वेळा उत्तर तिथेच सापडतं.

प्रचाराच्या दिवसांत नानांच्या टेक्निकमध्ये एकच खोट राहिली होती. वाकताना ते मान वर करून दाराकडे बघायचे. मान खरं तर पाठीच्या रेषेत हवी, नजर खाली जमिनीकडे. तेवढं मी सोडून दिलं होतं.

परवा सकाळी मुद्दाम बघितलं. अध्यक्ष मशीनवर होते. दारातून माणसं येत होती, राम राम म्हणत होती. नाना वाकत होते, वर येत होते, नजर सरळ जमिनीवर, मान एकदाही वर केली नाही. आता त्यांचं टेक्निक एकदम बरोबर आहे.