शतावरीसाठी गिरगाव ते दादर, व्हाया लालबाग

प्रवास म्हणजे हिमालयच हवा असं कोण म्हणतं? गेल्या महिन्यात मी गिरगावहून दादरला गेले, बसनं, आणि त्यावरही लिहिण्यासारखं निघालं.

माझी लेक ऋचा बाळंतपणाला आलेली. नात बारा दिवसांची आणि दूध पुरेना. पोर वरच्या दुधावर, लेक रडवेली. मला ताजी शतावरी हवी होती.

आधी लालबागला उतरले. तिथे सुशीलाकाकी राहतात. संपात काकांची गिरणी सुटली, तेव्हापासून काकींनी बाळंतिणींना न्हाऊ घालून घर चालवलं. मसाल्याच्या गल्लीतून जाताना नाकाला रुमाल लावा. मी विसरले आणि शिंकतच त्यांच्या दारात पोचले.

"दूद येना नाय? मगे दादराक जा," काकी म्हणाल्या. "फुलबाजाराच्या तोंडार ठाकरीण बसता. तिका सगळा नीट सांग हां!"

ठाकर आदिवासी बायका कर्जतकडून पाला-मुळ्या घेऊन येतात. दहाच्या आत गाठा, सुट्टे जवळ ठेवा. ही बाई माझ्याच वयाची, गोणपाटावर जुड्या मांडून बसलेली. शेजारी दोन पुरुष झेंडूचा भाव करत होते, म्हणून मी वाकून कुजबुजले, "अंगावरचं काहीतरी द्या."

तिनं सालीचा तुकडा काढला. "धुपनीवर हे, अंगावरून पांढरं जातं त्यावर. उकळून घे."

"अहो, मला नाही! लेकीला… अंगावर पाजायचंय."

ती अशी हसली की झेंडूवाले वळून बघायला लागले. "दूध म्हन की बाई! अंगावर काय, सगळंच असतं." मग विचारलं, "पोर नीट धरतं का? पाजताना लेकीला दुखतं?"

मला काहीच ठाऊक नव्हतं. बारा दिवस नुसते डिंकाचे लाडू चारत होते मी. फार लाज वाटली.

"आधी इचार, डाक्तरनीला दाव," शतावरीची चाळीस रुपयांची जुडी देत ती म्हणाली. "मुळी कुठं पळून जात नाय."

घरी येऊन सरळ विचारलं. ऋचा हुंदके देत म्हणाली, "बोंडांना चिरा पडल्यात गं आई. पाजायचं म्हटलं की भीती वाटते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"पाजायला घेतलं की तू दार लोटून निघून जायचीस."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बाळ कसं धरायचं ते दाखवलं, शतावरीलाही हरकत घेतली नाही. हळूहळू वरचं दूध सुटलं. श्रेय कुणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

काल जेवताना ऋचा बाबांसमोरच म्हणाली, "डावीकडे दूध साठून दुखतंय." ह्यांनी वरण वाढून घेत विचारलं, "शेकायला पिशवी आणू?" मी सवयीनं दार लावायला उठले होते. तशीच परत ताटावर बसले.