बबिताचे पाच डबे

बबिता राठोडचं डोकं एकदा एखाद्या कामात शिरलं की तिला जेवायला हाका मारून उपयोग नसतो. दारव्ह्यात तिचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, हौशी रेडिओचा परवाना आहे, आणि वेड आहे लपवलेले ट्रान्समीटर शोधण्याच्या शर्यतीचं. शिवारात पाच डबे लपवायचे, प्रत्येकाने आळीपाळीने मिनिटभर रेडिओवर टिटटिट करायचं. आवाज कुठून येतो ते हातातला अँटेना फिरवून ओळखत खेळाडूंनी ते गाठायचे.

यंदाची शर्यत तिच्या तांड्याच्या शिवारात ठरली, तेव्हा धाकटा भाऊ शाम म्हणाला, "मी बी खेळतो. एकटा." शामला जन्मापासून दिसत नाही. घरच्यांनी आजवर हात धरल्याशिवाय त्याला तांड्याबाहेर सोडलं नव्हतं.

बबिता कामाला लागली. डब्यातल्या नखाएवढ्या मायक्रोकंट्रोलर चिपसाठी तिने प्रोग्राम लिहिला. कोणत्या डब्याने कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, ते त्यात ठरलेलं. दुकानात डबे शहाण्यासारखे पाळीने बोलले. शिवारात नेल्यावर मात्र त्यांनी तासाभरात ताळतंत्र सोडलं. चाचणीला आलेला शाम मध्येच थबकला.

"ताई, दोघं एकाच टायमाले बोलून राह्यले. मी कोणाकडे जाऊ?"

बबिताने कपाळावर हात मारला. सगळी जुळवाजुळव तिने कूलरसमोर बसून केली होती! आता आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर सोडून बसतं तरी कोण? पण उन्हात तापल्यावर प्रत्येक डब्याचं घड्याळ आपापल्या चालीने पुढेमागे होत होतं.

तिने उन्हातही वेळ न चुकवणारी घड्याळाची वेगळी चिप प्रत्येक डब्यात बसवली आणि पाचही डबे घराच्या टिनांच्या छपरावर, आईच्या कुरड्यांशेजारी मांडले.

"माह्या कुरड्यायत हे काय मांडलं वं?" हंसाबाई खालून ओरडल्या.

डोक्याला ओढणी गुंडाळून बबिता दुपारभर तिथेच ऐकत बसली. दुसऱ्या दिवशीही. असली चिकाटी बघून हात जोडावेसे वाटतात.

शर्यतीच्या दिवशी बाकीचे खेळाडू परतून सावलीत ताक पीत होते. बबिताला ताक गोड लागेना. इअरफोन लावून ती एकेका डब्याची पाळी ऐकत होती. एकही चुकला नाही. अखेर दूरच्या पळसाखाली शामचा हात पाचव्या डब्यावर पडलेला दिसला, तशी ती धावत सुटली.

तिची चाहूल लागताच त्याने हात मागे घेतला.

"हात नको धरू, ताई," तो हसून म्हणाला. "वापस बी मी एकटाच येतो."

तो निघाला, आणि बबिता डबा पोटाशी धरून तिथेच मनसोक्त रडली.