गोणपाटाची ओळ

आमच्या मुळगावच्या घरी न्हाणीच्या चुलीवर तांब्याचं भाण रोज सकाळी तापतं. पाणी तापतं तेवढीच मागची भिंतही तापते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी प्रकल्प निवडताना मला ती भिंत आठवली. वाया जाणाऱ्या उष्णतेपासून वीज करणारे अर्धवाहक सेल असतात. बिस्किटाएवढी पांढरी चौकोनी चकती आणि तिला दोन तारा. तिची एक बाजू तापली आणि दुसरी गार राहिली की वीज मिळते. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे हे समजावताना मी जरा जास्तच मास्तरीण व्हायचे.

बाबा खनिजाचा ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्यावर ट्रक विकला, मागच्या फाळक्याचा एक पत्रा तेवढा परसात उरला होता. तो कापून, ठोकून त्यांनी चुलीच्या बाजूला बसवून दिला. त्यावर मी सेल लावले. बारीकसा दिवा लागला.

"आता ह्या उजेडात न्हायचा काय?" आई म्हणाली. आम्ही हसत होतो तोवर दिवा मंद होत विझला.

पुढचे आठ दिवस तेच. लागायचा आणि विझायचा. बाबा शेजारी बसून बघायचे. एकदा त्यांनी सेलच्या पाठीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"पाठ पण तापली मगे! आता चलतला कसा? गाडीक रेडिएटर कित्याक असता?"

हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण पाठ गार ठेवायची कशी? पंखा लावला तर मिळालेली वीज तोच खाणार. बाबा उठले, गोणपाटाची पट्टी फाडून आणली, भिजवून सेलच्या पाठीवर घट्ट बसवली आणि तिचं टोक पाण्याच्या तांब्यात सोडलं. ट्रकवर ते पाण्याच्या कॅनला असंच ओलं गोणपाट गुंडाळून दाराबाहेर बांधायचे. खनिज बार्जमध्ये भरायच्या जेटीपर्यंत धूळ खात गेलं तरी पाणी गार. त्या सकाळी दिवा चूल विझेपर्यंत लागून राहिला.

प्रदर्शनाला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. शेजारच्या टेबलावर चकचकीत पंखे बसवलेला प्रकल्प होता. परीक्षकांनी मला इंग्रजीत विचारलं, ही गार करायची कल्पना कुठून आली? बाबा चार पावलांवर उभे होते. मी इंग्रजीतच म्हणाले, संशोधनाचे लेख वाचून. कुणी मला तसं सांगायला लावलं नव्हतं. त्या टेबलाशेजारी गोणपाट म्हणायला मला लाज वाटली, एवढंच.

परीक्षक खूश झाले. परतताना बसमध्ये बाबांनी विचारलं, "सांगलंस मां गो, गोणपाटाचा?"

"सांगितलं," मी म्हणाले.

अहवाल छापून आला तेव्हा ते दारातच वाट बघत होते. त्यांना मराठी वाचता येतं, इंग्रजी नाही. आभाराच्या पानावर प्राचार्य, मार्गदर्शक, प्रयोगशाळेतले मदतनीस, मैत्रिणी, सगळे होते. बाबा नव्हते. त्यांनी पानं उलटली आणि विचारलं, "खंय असा ता?" मी एका ओळीवर बोट ठेवलं. गार करण्याची पद्धत उपलब्ध लेखांच्या आधारे निवडली, असं त्या ओळीत लिहिलं होतं.

तेव्हाच बोललं असतं तर एका वाक्यात संपलं असतं. आता ते जमत नाही. ट्रकचे जुने कागद ठेवलेल्या कपाटात तो अहवाल आहे. कुणी पाहुणा आला की बाबा तो काढतात आणि बरोबर त्याच पानावर उघडतात. "ह्या माझा," म्हणतात. मी चहा आणायच्या निमित्ताने आत जाते.

परवा ते घरी नसताना मी तो उघडला. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ आहे. पट्टी धरून मारलेली, सरळ.