आलूचा बुखार

आमचं दोघांचं शेवटचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आन बाटलीतला एक लाल चिकट रस. दिवेलागणीला चुलीपुढं बसलो होतो. बायकोला दोन-तीन दिवसांपासून ताप होता, तोंडाला चव न्हवती. सूनबाईनं संभाजीनगरहून पोराच्या हाती ती बाटली पाठवल्ती आन फोनवर सांगितलं होतं, "आत्याबाई, आलूबुखाऱ्याचा सॉस आहे. भाकरीला लावून खा, तोंडाला चव येईल."

आलूबुखारा झाडाला लागतो का जमिनीत निघतो, हे आमच्या दोघांपैकी कुणालाच म्हाईत न्हवतं. आमच्याकडं बोर, चिंच आन मोसंबी. पण बायकोच्या माहेरी शेजारची चाची तापाला बुखार म्हणायची. त्यामुळं बायकोनं तिच्या मनानं हिशोब लावून टाकला.

"बुखाराचं औषध असंल," ती म्हणली. "सूनबाई शिकलेली हाय, उगं पाठवती व्हय?"

"आन आलू?" मी म्हणलो. "आलू म्हंजी बटाटा. बटाट्याला बुखार आला आन त्याचा घाम काढून बाटलीत भरला."

ती हसली ती ठसका लागेपर्यंत हसली. मंग भाकरीचा तुकडा त्यात बुडवून खाल्ला, परत बुडवला. "घाम तर घाम. गोड हाय." मी बोट पुढं केलं तर तिनं हातावर चापट मारली. "तुमाला कुठं बुखार हाय?"

तरी मी चाटलंच. कुणीतरी पाकात चिंच टाकून चूल विझवायची इसरलं, अशी चव. तिला तसं सांगितलं. ती म्हणली, "तुमाला कशाचं कौतिक हाय मेलं."

पहाटं मी तिच्या कपाळाला हात लावून बघितलं. ताप न्हवता. मला आधी बरं वाटलं. मंग कळलं.

तीर्थपुरीचा डॉक्टर आला. काळीज बंद पडलं म्हणला. तिला शुगर होती, म्हणून मी त्याला त्या बाटलीचं बी इचारलं. तो म्हणला, "बाबा, काळीज आधीच थकलेलं होतं, त्यात ताप आला. दोन घास गोडानं माणूस मरत नाही." मला पटलं. पण गावाला डॉक्टर लागत न्हाई. गावाला वैनी लागती.

वैनी म्हंजी माझी चुलत भावजय, समोरच्याच घरातली. माझ्या दारात येऊन अशी रडली की दोन बायांनी तिला धरावं लागलं. तिथून उठली, टाकीवर पाण्याला गेली, आन डोळं पुसायच्या आत म्हणली, "शुगरवाल्या सासूला सुनेनं गोड चारलं. सांजच्याला बाटली उघडली आन सकाळी बाई गेली." दुसऱ्या दिवशी सगळं गाव हेच बोलून राह्यलं. बसायला येणाऱ्या बाया माझ्याशी बोलायच्या आन नजर आत, मातीला आलेल्या सुनेवर ठेवायच्या. एक जण तर फडताळावरची बाटली बघून पदर नाकाला लावून बसली. जशी काय ती बाटली वासानंच मारती.

मला ह्या लोकांची किळस आली. बायको जिती होती तवा तिच्या तापाची चौकशी करायला ह्यांच्यापैकी एकीचा पाय माझ्या उंबऱ्याला लागला न्हाई.

सूनबाईच्या कानावर ते गेलंच. तिनं जेवण टाकलं. कुणी बाई आली की मागच्या दारी भांडी घासत बसायची, घासलेलीच परत घासायची. पोरानं समजावलं, ऐकंना. मंग एका सांजच्याला ती बाटली घेऊन माझ्यासमोर आली.

"मामा, ही मी उकिरड्यावर टाकून येते."

"थांब," मी म्हणलो. "त्याच्यावर काय लिव्हलंय ते वाच आधी."

मी चौथीपर्यंत शिकलो. मराठी बोट ठेवून वाचतो. हे इंग्रजीत आन अक्षर मुंगीएवढं. तिनं बाटली उजेडाला धरली.

"समोर लिहिलंय, फॅट शून्य. म्हणजे चरबी नाही. मी एवढंच वाचलं होतं हो मामा."

"रडू नको. मागचं वाच."

"मागं... आधी साखर. मग पाणी. मग आलूबुखाऱ्याचा गर. मग व्हिनेगर, मीठ, आलं, घट्ट व्हायला स्टार्च, आणि रंग. जे सगळ्यात जास्त असतं ते आधी लिहितात, मामा."

"म्हंजी ज्याच्या नावाची बाटली, ते फळ तिसरं?"

"हो."

"आन ताकदीचं काय?"

"ताकद म्हणजे... प्रोटीन नसल्यासारखंच आहे. चोथा नावाला. जीवनसत्त्वांचं तर लिहिलेलंच नाही. ऊर्जा आहे, पण ती सगळी साखरेची. आणि मीठ बऱ्यापैकी."

मी बाटली हातात घेतली. एवढी चकचकीत काच, एवढं चित्र, सोनेरी झाकण, आन आत काय तर साखरेचं पाणी, त्याला फळाचा हात लागलेला. पुढून म्हणती चरबी न्हाई, आन साखर पाठीमागं लपवती. वैनीची आन हिची एकच चाल. पुढून रडायचं आन मागून सांगायचं. माझ्या बायकोच्या जवसाच्या चटणीवर कधी काही लिव्हलेलं न्हवतं, पण तिच्यात जवस होतं. दाण्याच्या चटणीत दाणा होता. आन ह्या असल्या पाण्याला ती बिचारी औषध समजून खाऊन गेली.

"हिच्यात औषध बी न्हाई आन जहर बी न्हाई," मी सुनेला म्हणलो. "हिची माणूस मारायची बी लायकी न्हाई. ठेव फडताळावर. उद्या सकाळी मला लागती."

"कशाला, मामा?"

मी बाटली तिच्या हातात दिली.

सकाळी बाया जमल्या. शेजारून भाकरी आन अंबाडीची भाजी आल्ती. मी ओट्यावर बसलो, ताट पुढं घेतलं, फडताळावरची बाटली आणली आन सगळ्यांच्या डोळ्यासमोर भाकरीवर बदाबदा ओतली. सूनबाई आतून दारापर्यंत पळत आली.

"मामा, तुम्हाला पण शुगर आहे!"

"म्हणून तर खाऊन राह्यलो."

पहिला घास वैनीकडं बघून खाल्ला. दुसरा बी. गळ्याखाली उतरंना इतका गोड, पण उतरवला.

"भाऊजी, हे काय करून राह्यले?" वैनी म्हणली.

"औषध घेऊन राह्यलो. बुखाराचं."

"तुमाला कुठं बुखार हाय?"

तिनं ते तसंच म्हणलं, शब्दाला शब्द. माझा हात ताटातच थांबला. तिला काय म्हाईत. मी पाणी प्यालो.

"वैनी," मी म्हणलो, "मी इथंच बसलोय, दुपारपर्यंत बसतो. मी मेलो तर टाकीवर जाऊन सांगा. न्हाई मेलो तर ते बी टाकीवर जाऊनच सांगा. आन घ्या, तुमी बी चाखा."

मी बाटली पुढं केली. वैनी मागं सरकली. पदर नाकाला लावणारी बाई खाली बघून चपला शोधू लागली.

सूनबाई तवर दारात उभी होती. बाहेर आली, सगळ्या बायांच्या पुढून चालत माझ्याजवळ येऊन बसली, माझ्याच ताटातली भाकर मोडून तोंडात घातली. किती दिवसांनी खाऊन राह्यली होती पोरगी.

"कसं हाय?" मी इचारलं.

तिनं तोंड वाकडं केलं. "बेकार आहे हो, मामा."

"मंग अंबाडीची भाजी घे," मी म्हणलो आन वाटी तिच्याकडं सरकवली.