समोर बसणारी माणसं

ट्रॅक्टरने ओझं ओढायच्या शर्यतीत मी आयुष्यात एकदाच उतरलो, आणि तेही धड नाही. आमच्याकडे, मूर्तिजापूरच्या बाजूला, हरभरा निघाला की मोकळ्या वावरात हा खेळ रंगतो. मुरुमाने काठोकाठ भरलेली ट्रॉली साखळीने मागे जोडायची आणि चुन्याच्या रेघांमधून जितकी लांब नेता येईल तितकी न्यायची. ऐकायला सोपं वाटतं. पण ओझं जड झालं की ट्रॅक्टर पुढून घोड्यासारखा उठतो, म्हणून चार-पाच जण समोरच्या बंपरवर बसतात. ज्या गावचा ट्रॅक्टर, त्या गावची माणसं. हे धोक्याचं आहे, मूर्खपणाचंही आहे. पण तिथे कुणाला बसा म्हणून सांगावं लागत नाही. नंबर पुकारला की माणसं आपणहून चढतात.

आमचा ट्रॅक्टर बाबांनी कंडक्टरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर घेतला. बौद्धपुऱ्यातला तो पहिलाच. घरची जमीन थोडी, त्यामुळे तो गावभर चालायचा. मी नांगर घातला नाही असं वावर गावात शोधून सापडणार नाही. कुणाच्या बांधा-धुऱ्याला कुठे दगड लागतो हे मालकापेक्षा मला जास्त ठाऊक.

शर्यतीचा नाद लावला तो माझ्या शाळेतल्या दोस्ताने. त्याचं घर गावाच्या मध्यावर, आमचं कडेला, पण दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. त्याने मला दोन महिने शिकवलं. नाल्याकाठी पडलेलं बाभळीचं खोड साखळीने बांधून आम्ही ओढायचो आणि तो मडगार्डवर बसून ओरडायचा. पहिले साखळीतली ढील काढ, मग क्लच सोड. मी नेमकं उलटं करायचो आणि इंजिन गचकन बंद पडायचं. एकदा साखळीच तुटली. तेव्हा त्याने अशा शिव्या दिल्या की मी खूश झालो. परक्याला कुणी इतक्या मनापासून शिव्या देत नाही. नाव द्यायला मी कचरत होतो, तर म्हणाला, "तू बिनधास्त लाव नंबर. समोर मी बसतो."

मला बक्षीस-बिक्षीस नको होतं. गावाने माझ्या ट्रॅक्टरवर बसावं, एवढंच हवं होतं. हे मी कुणाला बोललो नाही, बोलायची लाज वाटली.

शर्यतीला बाबाही आले. त्यांना या खेळाचा तिटकारा, तरी सकाळपासून माझ्या मागे मागे होते. माझ्याआधी आमच्याच गावच्या एका नवख्याचा नंबर होता, माझ्यापेक्षाही कच्चा गडी. त्याच्या बंपरवर सहा जण चढले, त्यात माझा दोस्तही. मला वाटलं, बरंच झालं, हेच आता उतरून इकडे येतील. मग माझं नाव पुकारलं, मागोमाग गावाचं. एकाची कंबर दुखायला लागली. एक जण मोबाइल कानाला लावून बाजूला गेला. दोस्त पाण्याच्या टँकरपाशी हात धूत होता, आणि कितीतरी वेळ धूतच होता. भोंग्यावरून विचारलं गेलं, समोर माणसं नाहीत का?

तेवढ्यात बाबा चपला काढून बंपरवर चढले. शुगरने वाळलेलं अंग, पांढरा शर्ट पँटीत खोचलेला. मी म्हटलं, "बाबा, तुमी उतरा."

ते वळलेच नाहीत. म्हणाले, "मी आहो नं. चालव तू."

मी ढील काढली, क्लच अगदी हळू सोडला. ट्रॉली हलली. मग पुढची चाकं जमिनीवरून उठली आणि बाबांचा एक हात सुटला. मी क्लच दाबला. चाकं दाणकन आदळली. बाबा पडले नाहीत, पण ट्रॉली जेमतेम दोन हात सरकली होती. लोक हसले. त्याचं काही नाही, हरणाऱ्या प्रत्येकाला हसतात. पण ती कंबर, तो मोबाइल, तो टँकर ही सगळी बौद्धपुऱ्यातल्या ट्रॅक्टरसाठी काढलेली कारणं होती, हे मला सीटवर बसल्या बसल्या कळलं. कळायला तिशी उलटावी लागली याचा फार संताप आला. बाबांना ते आधीच ठाऊक होतं. म्हणून तर ते आले होते.

आठव्या दिवशी दोस्ताचा फोन आला, रोटाव्हेटर मारून हवा होता. जायचं नाही असं मी ठरवलं आणि गेलो. निम्मं वावर झाल्यावर तो चहा घेऊन आला. चहा ओतता ओतता शर्यतीवर बोलायला लागला.

"तुनं क्लच लवकर दाबला बे. जराक थांबला असता तं निंगाली असती ट्रॉली."

तो माझ्याकडे बघत नव्हता. काहून नाई बसला, एवढंच विचारायचं होतं मला. आठ दिवस मनात तेच घोकत होतो.

"हो," मी म्हटलं, "घाईच झाली माही."

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. अजून सराव पाहिजे, म्हणाला. मी चहा संपवला आणि त्याचं उरलेलं वावर करून दिलं.