लेकीच्या गाडीतलं पाणी

जावयानं खामगावच्या एका गॅरेजात जुनी प्रवासी गाडी नेली, तिच्या पोटातल्या सगळ्या सीटा उपटून काढल्या आणि आत घर बसवलं. दोन पलंग, गॅसची शेगडी, भांडी घासायची मोरी, टपावर पाण्याची टाकी आणि कपाटाएवढा संडास. अशी गाडी भाड्यानं द्यायची, लोक तिच्यात झोपत-खात फिरतात, असं त्याचं गणित. भाड्यानं द्यायच्या आधी एकदा आपणच दूर नेऊन पाहू, काय तुटतं काय गळतं ते कळेल, म्हणून त्यानं मुंबई ठरवली. बरोबर त्याची आई, त्याची बायको म्हणजे माझी लेक, आणि मी. माझं नाव लेकीनं घातलं होतं. बाबांनी समुद्र पाहिला नाही, म्हणाली. मी जालन्याच्या पलीकडे गेलो नव्हतो आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं. पण लेक हट्टाला पेटली. हट्ट तिनं माझ्याकडूनच घेतला आहे.

आता आमची रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. माझ्या बापानं माझ्या बहिणीकडे पाळली. ऐन मे महिन्यात तिला भेटून देऊळगाव राजाहून पायी परतला, ओठ फुटले होते, पण तिच्या दारचा घोट घेतला नाही. आज आमच्या उंद्री गावात ही रीत कोणी पाळत नाही. मी पाळतो. लेकीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. चिखलीला तिच्या घरी जातो तेव्हा वांगी-मिरच्यांची पिशवी ओट्यावर ठेवतो, ती आतून विचारते, बाबा, पाणी आणू का, मी नको म्हणतो आणि समोरच्या हॉटेलात जाऊन चहा पितो. मी चौथीच्या पुढे शाळेत गेलो नाही. पण जे माझ्या हातात आहे ते मी सोडत नाही.

तेव्हा गाडीत चढायच्या आधीच मी सांगून टाकलं की माझं खाणंपिणं वेगळं. जावई हसला.

"मामा, गाडी आहे ते. टायर लावलेल्या डब्यात कायचं आलं लेकीचं घर?"

मी म्हणालो, जिथं चूल आहे ते घर. तिथं टायर असो की पाया असो. माझ्याजवळ दुधात भिजवलेल्या दशम्यांचं गाठोडं होतं, शेंगदाण्याची चटणी, कांदे, आणि पाण्याचा कॅन. आमच्याकडे अशा दशम्या आठवडाभर टिकतात.

विहीणबाई पुढच्या पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या. त्यांची जीभ मला पहिल्यापासून आवडते, कारण ती माझ्यासारखीच आहे. मी रस्त्याच्या कडेला उतरून बाभळीखाली जेवायला बसलो की त्या खिडकीतून बघत. एकदा मला, आपल्या व्याह्याला, म्हणाल्या, "इवाई, तुमी लय पक्के. जे दुसऱ्याहिले बोलता येत नाही ते तुमी जेवून दाखवता."

त्याचा अर्थ मला तेव्हा पुरता लागला नाही. तो लेकीनं सांगितला. जावई डिझेल भरत होता, विहीणबाई आत पडल्या होत्या, आणि ती मला पंपाच्या मागे, हवा भरतात तिथं घेऊन गेली. रडली नाही. सासू दुसरी मुलगी पाहते आहे, म्हणाली. देऊळगावचंच एक घर आहे. सोडचिठ्ठी घ्यायची आणि दुसरी करायची, असं चाललं आहे. नवरा हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. आणि जो कोणी सोयरा घरी येतो त्याच्यापुढे सासू एकच म्हणते, की हिचा बापच हिच्या घरचं पाणी पीत नाही, तोच हिला पुरती घरची सून धरत नाही, मग आम्ही काऊन धरावं.

"तुमी एक वेळा माह्या हातचं जेवा, बाबा. तिच्यासमोर. एवढंच पाह्यजे मले."

मी म्हणालो, तुझ्या आजोबानं पाळली ती रीत मी तुझ्या सासूच्या तोंडासाठी मोडू का? मूल झालं की पोटभर जेवीन. ती बरं म्हणाली. गाडीत जाऊन बसली आणि संध्याकाळी पुन्हा विचारायला आली, फक्त पाणी तरी घ्या म्हणून. मी तेही नको म्हणालो. त्यानंतर प्रत्येक जेवणाला ती विचारायची आणि प्रत्येक जेवणाला मी नको म्हणायचो. विहीणबाई दोन्ही ऐकायच्या.

मुंबईत एवढी मोठी गाडी कोणी उभी करू देत नाही. गेटवे मी सिग्नल लाल होता तेवढ्या वेळात पाहिला. दगडी वेस आहे, मोठी आहे, तिच्यातून समुद्राकडे जाता येतं आणि समुद्रात जायचं कोणाला असतं ते मला कळलं नाही. पुढे एक पोलीस काठी आपटत आला आणि आम्ही निघालो. मोठमोठ्या इमारतींसमोर थांबलो तर तिथले वॉचमन धावून यायचे. एकानं विचारलं, काय विकता. जावई म्हणाला काही नाही, आम्ही फिरायला आलो. वॉचमननं आमच्या तोंडांकडे पाहिलं, गाडीवर वाळत घातलेल्या लुगड्याकडे पाहिलं, आणि पुढे जा म्हणाला. त्याचं खरं होतं. आम्ही फिरायला आल्यासारखे दिसत नव्हतो.

वरळीला समुद्र पाहिला. मला तो आवडला नाही. एवढं पाणी आणि वाफाभर मेथीच्या कामाचं नाही. लोक त्याच्याकडे तोंड करून बाकांवर बसले होते, जसं काही तो त्यांचं देणं लागतो. लेक कठड्याशी उभी राहिली आणि खूप वेळ हलली नाही. तिची सासू मला म्हणाली, "पोरगी पाण्याकडे लय पाहून राह्यली, इवाई. ध्यान ठेवा." आणि हसली.

राणीच्या बागेत काचेमागे गारठा करून पेंग्विन ठेवले आहेत. पाखरं आहेत पण उडत नाहीत, काळा कोट घातलेल्या लग्नातल्या वाजंत्र्यासारखी चालतात. बाहेर घाम आणि आत थंडी. पाहायला मोठी रांग होती. विहीणबाईंनी तिथल्या रखवालदाराला विचारलं, ह्याहिले पिल्लं होतात का. तो म्हणाला, होतात की, मावशी.

विहीणबाई मागे वळल्या. लेक अगदी त्यांच्या पाठीशी होती.

"पाह्य. बर्फातल्या पाखराले होते, तेही दुसऱ्याच्या देशात येऊन."

रांगेतली दोन-चार माणसं हसली. जावई मोबाईलमध्ये पाहत राहिला. मीही हसलो, कारण बोलणं नेमकं होतं. लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि मग ती पुन्हा काचेकडे पाहू लागली.

शेवटी गाडीला थारा मिळाला तो शहराच्या पार वरच्या टोकाला, एका किनाऱ्यावर. सुरूची झाडं, वाळू, आणि दूर मासे वाळत घातलेले बांबू. जवळपास ना दुकान ना टपरी. दुपारी मी झाडाखाली गाठोडं सोडलं आणि दशम्यांना हिरवी लव आली होती. आमच्या कोरड्या हवेतली वस्तू, समुद्राच्या दमटात तिचा काय निभाव लागतो? चटणीलाही वास सुटला होता. गावाकडचा कोणीही माणूस हेच करेल, दशम्या आहेत म्हणून निश्चिंत राहील. विहीणबाईंनी खिडकीतून नाकाला पदर लावला. तो पाहिल्यावर तर मला ते खाणं भागच होतं. मी नखानं बुरशी खरवडली आणि दोन दशम्या त्यांच्या डोळ्यांदेखत खाल्ल्या. कॅनमधलं पाणी उन्हानं कढत झालं होतं, तेही प्यालो.

उन्हं कलायच्या आत पोटानं सूड घेतला. गाडीतला संडासही लेकीच्याच घरातला, म्हणून मी झाडांमागे जात राहिलो. नंतर पाय उचलेनात. सुरूच्या बुंध्याला टेकून बसलो आणि तोंडाला कोरड पडली, जीभ टाळूला चिकटली. जावई मोबाईल धरून समोर आला. "मामा, उपोषण कायच्यासाठी, तेवढं सांगा," म्हणाला. त्याला गंमत वाटत होती. त्यानं ती टिपून घेतली.

लेक पेला घेऊन आली. मीठ-साखरेचं पाणी होतं. माझ्यापुढे वाळूत गुडघ्यावर बसली. तिच्या मागे विहीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"औषध समजून घ्या, बाबा. पाणी समजू नका."

तिनं पेला माझ्या बोटांना टेकवला, त्याचा गारवा लागत होता. प्यालो असतो तर कोणी मला नावं ठेवली नसती, हे मला माहीत होतं. मी पेला तिच्या हातातून घेतला आणि वाळूत उपडा केला. सावकाश, सगळ्यांना दिसेल असा. वाळूनं ते पाणी क्षणात ओढून घेतलं. लेकीनं रिकामा पेला उचलला, त्याला लागलेली वाळू पदरानं पुसली आणि गाडीत गेली.

थोडं चालल्यावर कोळ्यांची वस्ती लागते. जावयानं तिथून नारळ आणला. तो त्याच्या पैशाचा असला तरी बाजाराचा होता, म्हणून मी तो प्यालो आणि मला जरा धुगधुगी आली. तेवढ्यात विहीणबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. आवाज गाडीत जाईल असाच ठेवला.

"इवाई, तुमचं मन मोठं, म्हणून तुमालेच सांगते. पुढच्या हप्त्यात पोरीवाले येऊन राह्यले. तुमी मरायले टेकले तरी हिच्या घरचं पाणी नाही पेले. म्हणजे हे हिचं घर नाही, हे तुमालेबी कबूल. मंग तुमीच समजावा हिले. राजीखुशीनं निंघ म्हणा."

अंगात जोर नव्हता तरी मी उठलो. माझ्या बापाची रीत लेकीवर भार पडू नये म्हणून होती. ह्या बाईनं तिची काठी करून माझ्याच लेकीच्या पाठीत घातली होती, आणि वर मलाच ती धरायला सांगत होती. मला कोणी वापरलेलं चालत नाही. मी झाडाला, मग गाडीच्या दाराला धरत पायरी चढलो आणि शेगडीसमोर खाली मांडी घातली. आत भाकरीचा आणि वांग्याच्या भाजीचा वास होता. वांगी माझ्याच शेतातली. विहीणबाई दारात येऊन थांबल्या, त्यांच्या मागे जावई. मला त्या बाईचं तोंड उतरलेलं पाहायचं होतं.

"वाढ," मी लेकीला म्हणालो.

तिच्या एका हातात भाकरी थापलेली होती, तवा तापला होता. तिनं ती भाकरी तव्यावर टाकली, शेकली, उतरवली आणि गॅस बंद केला. मग माझ्याकडे पाहिलं.

"माह्या घरी पाहुण्याले जेवाची वेळ असते, बाबा. ते गेली."

विहीणबाई दारातून मोठ्यानं हसल्या. लेक त्यांच्याकडे वळली. आवाज चढवला नाही.

"आत्याबाई, बोलवा त्या पोरीवाल्याहिले. मीच पाणी देते त्याहिले. पोरीच्या बापाले म्हणते, काका, तुमी इथं पाणी पेता का? माहा बाप नाही पेला, मंग माहं काय झालं ते मी सांगते. बसा."

जावयानं एकदा आईकडे आणि एकदा बायकोकडे पाहिलं, आणि या वेळी मोबाईल खिशात ठेवला.

मग तिनं एक ताट घेतलं. आमच्यात सून सगळ्यांत शेवटी जेवते, ते घरात असो की लग्नात. तिनं भाजी वाढून घेतली, दोन भाकऱ्या घेतल्या, कांदा फोडला, आणि आम्ही तिघं तिथंच असताना सासूच्या बाजूनं बाहेर पडून पायरीवर बसून एकटी जेवली. घाईनं नाही. मी तिच्या पाठीकडे पाहत होतो. मला भूक इतकी होती की भाकरी मोडल्याचा आवाज मला ऐकू यायचा. सासूला पायरी उतरायला जागा नव्हती, म्हणून ती दारातच उभी राहिली, आणि लेकीनं सरकून जागा दिली नाही. उरलेली भाजी-भाकरी तिनं मासे वाळत घालणाऱ्या एका म्हातारीला नेऊन दिली. परत येऊन ताट घासलं, शेगडी पुसली आणि जावयाला म्हणाली, चला.

परतीच्या रस्त्यावर ती शेगडी पेटली नाही. आम्ही धाब्यांवर जेवलो, चौघं चार टोकांना. विहीणबाईंनी जीभ आवरून धरली होती, आणि ती आवरलेली पाहून मला बरं वाटलं.

देऊळगावचे पाहुणे आले नाहीत. म्हणजे त्यांना कोणी बोलावलंच नाही. सोडचिठ्ठीचं बोलणं त्या घरात पुन्हा निघालं नाही, असं मला जावयानंच सांगितलं, आणि सांगताना तो बायको जवळपास नाही ना, हे पाहत होता. गाडी आता भाड्यानं चांगली जाते. लोक तिच्यात खातात, पितात, समुद्र पाहून येतात.

रीत मी मोडली नाही. मोडायला बसलो होतो, पण मला वाढलं गेलं नाही, आणि ह्या दोन गोष्टींतला फरक उंद्रीतल्या पारावर मी समजावून सांगतो. काही जणांना पटतो. माझ्यासारखा दुसरा नाही, म्हणतात. तसं म्हणावंच त्यांनी.

चिखलीला मी अजून जातो. पिशवी ओट्यावर ठेवतो. ती येते, भाजी आत नेते, पिशवी झटकून घडी करून परत देते. तब्येत विचारते. पाणी विचारत नाही. इतकी वर्षं ती विचारायची आणि मी नको म्हणायचो, त्यातलं तिचं तिनं काढून घेतलं, आता माझं नको म्हणणं नुसतं तोंडात राहतं. मागच्या खेपेला ऊन फार होतं. मी ओट्यावर बसून राहिलो, मुद्दाम खोकलो, पुन्हा खोकलो. आत तिनं शेंगदाण्याचं कूट करायला मिक्सर लावला.