थोरली, धाकटी आणि फटीतली शीळ

तिला सगळी गल्ली हनुवटी मावशी म्हणायची. हे नाव काही तिला आवडत नव्हतं, पण ओढवून घेतलं होतं तिचं तिनेच. परवाना, पास, परीक्षा, नोकरी, कशाचाही अर्ज भरायचा झाला की माणूस तिच्या स्टुडिओत यायचा, स्टुलावर बसायचा, आणि मावशी म्हणायची, "हनुवटी जरा खाली." मग म्हणायची, "ओठ मिटा." ओठ मिटले की बटण दाबलं जायचं. स्टूल जमिनीला स्क्रूने पक्कं केलेलं होतं, कॅमेरा स्टँडवर कायमचा बसवलेला होता, आणि मावशीने स्वतः कुठे उभं राहायचं तेही फरशीवर तांबड्या ऑइलपेंटने दोन पावलं काढून ठरवून टाकलेलं होतं. त्या पावलांवर उभं राहिलं की समोरच्याचं डोकं चौकटीत अचूक बसे आणि दोन्ही कान सारखे दिसत. आजवर कुठल्याही कचेरीने तिचा फोटो परत पाठवला नव्हता. ही गोष्ट ती न विचारताही सांगायची.

पण जित्याची खोड ती जित्याची खोड. घरच्यांचे फोटोही ती तशीच काढायची. बैठकीच्या भिंतीवर सासू, दीर, भाचरं, लेक, सगळे ओठ मिटून सरळ समोर बघत बसलेले. लेक पाळण्यात असतानाच्या फोटोतसुद्धा तिचे दोन्ही कान दिसत होते. आपल्या घरात माणसं राहत नाहीत, अर्जदार राहतात, असं नवरा म्हणायचा, आणि म्हणून झालं की स्वतःच हसायचा.

नवऱ्याला लोक काटेवाले म्हणत. दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांच्या पुढच्या दोन दातांत चांगली ऐसपैस फट होती, आणि हसू आलं की आधी त्या फटीतून बारीक शीळ निघायची, मग मागून हसू यायचं. अगदी पहिल्यांदा ते परवान्याच्या फोटोसाठी स्टुडिओत आले तेव्हा मावशीने ओठ मिटायला सांगितलं आणि यांची शीळ वाजली. पुन्हा सांगितलं, पुन्हा वाजली. शेवटी कसाबसा एक फोटो मिटल्या तोंडाचा मिळाला, तो परवान्यावर लागला. हसरे दोन बाद म्हणून मावशीने केराच्या टोपलीत टाकले. पुढे तिने लग्न त्या हसऱ्या माणसाशी केलं, पण फोटो मात्र मिटलेल्याचेच काढत राहिली. तिने कॅमेरा उचलला की काटेवाल्यांची दातखीळ बसायची आणि हनुवटी आपोआप खाली यायची. फोन समोर धरला तरी तेच. लेकीने प्रयत्न करून बघितला, पण तिचाही हात आईनेच घडवलेला.

मावशीने स्टुडिओ लेकीच्या हाती सोपवला तेव्हा लेकीने तिला एक नवा कॅमेरा दिला. नुसताच, लेन्सशिवाय. लेन्स तुझी तू बघून घे, आता स्टुडिओबाहेर पड, रोजचं जे दिसेल ते टिप, असं तिचं म्हणणं. मावशीने कॅमेरा कपाटात ठेवून दिला. तो तिथेच राहिलाही असता, पण त्याच सुमारास काटेवाल्यांच्या हिरड्यांनी संप पुकारला. दातांच्या डॉक्टरांनी आत डोकावून बघितलं आणि पुढचे दात आता काढावेच लागतील, नवी कवळी एकसारखी सुंदर बसवून देऊ, असं सांगितलं. फटही बुजेल, हे त्यांनी आनंदाची बातमी सांगावी तसं सांगितलं.

काटेवाल्यांना त्याचं काही नव्हतं. हसतील त्याचे दात दिसतील, आता ते माझे नसतील इतकंच, असं म्हणून ते मोकळे झाले. मावशीला मात्र त्या रात्री घास गोड लागला नाही. अख्ख्या गावाचे चेहरे जिने जपून ठेवले, तिच्याकडे स्वतःच्या नवऱ्याचं हसू एकाही फोटोत नव्हतं. आणि आता ते थोड्याच दिवसांत डॉक्टरांच्या ट्रेमध्ये जाऊन पडणार होतं. सकाळी तिने कपाटातून कॅमेरा काढला आणि लेन्सवाल्याचं दुकान गाठलं.

लेन्सवाला तिचा जुना ओळखीचा. रोजच्या फोटोंसाठी त्याने दोन लेन्स काउंटरवर मांडल्या. दोन्ही झूम. कडं एका टोकाला फिरवलं की अख्खी खोली दिसते, दुसऱ्या टोकाला फिरवलं की माणूस जवळ येतो. एक कड्यावरच्या चोवीस आकड्यापासून सत्तरपर्यंत जाणारी. तिचं तोंड मोठं, त्यामुळे काळोख्या खोलीतही भरपूर उजेड आत घेणार, पण हातात धरली तर वरवंटा. दुसरी चोवीसपासून एकशे पाचपर्यंत. उजेड कमी घेणार, पण अंगाने हलकी, आणि लांबून माणसाला जवळ आणणार. मावशीने विचारलं, यातली चांगली कुठली? तो म्हणाला, दोन्ही चांगल्या, तुम्हाला काय टिपायचंय त्यावर आहे. काय टिपायचंय ते सांगायची मावशीला लाज वाटली. तेव्हा त्याने दोन्ही पिशवीत घालून दिल्या आणि वापरून बघून मग एक परत करा म्हणाला.

घरी काटेवाल्यांनी एक इकडच्या तळहातावर, एक तिकडच्या तळहातावर ठेवली आणि डोळे मिटून तोलली. काट्यात आयुष्य गेलेलं, त्यांना यंत्र लागत नसे. जडीचं नाव त्यांनी थोरली ठेवलं, हलकीचं धाकटी. थोरलीला घेऊन बाजारात गेलीस तर येताना भाजीची पिशवी आणि तू, दोघींना मला उचलावं लागेल, असा त्यांचा अभिप्राय पडला. मग धाकटीचं कडं फिरवून बघितलं तर तिची नळी सरसर पुढे आली. धाकटी असून हात मात्र लांब आहेत हो हिचे, असं म्हणून ते हसले. शीळ वाजली. मावशीचे दोन्ही हात तेव्हा पिशवीची घडी करण्यात गुंतले होते.

मग सुरू झाली शिकार. मावशीचा हिशेब साधा होता. जवळ गेलं की नवऱ्याची दातखीळ बसते, तर लांबून टिपायचं. म्हणून धाकटी घेऊन ती बाजारात त्यांच्या मागे मागे जाऊ लागली. कधी खांबामागे, कधी फुलवाल्याच्या बादल्यांमागे. भाजीवाल्याशी काटेवाल्यांचं रोज काहीतरी चालायचं आणि रोज हसू व्हायचं. मावशी टिपायची. पण छपराखाली उजेड कमी, फोटो हललेले. म्हणून मग थोरली. ती उजेड घेई, पण तिच्यासाठी पुढे सरकावं लागे, आणि एवढं भलंमोठं भिंग घेऊन बटाट्यांच्या ढिगाआड बसलेली बायको नवऱ्याला दिसणार नाही तर काय. लांबची धरावी तर उजेड नाही, उजेडाची धरावी तर लांबून भागत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. हाताला सराव व्हावा म्हणून दिसेल ते ती टिपत होती. फुलवाला, चांभार, बसची वाट बघणारे, गल्लीतला कुत्रा.

दात काढायच्या आदल्या दिवशी सकाळी ती लेन्सवाल्याकडे गेली. आता तूच काय ते सांग, म्हणाली, आणि या वेळी कशासाठी तेही सांगून टाकलं. त्याने कार्ड लावलं आणि मोठ्या पडद्यावर एकेक फोटो उघडत गेला. आधी तो गालात हसत होता. मग हसायचा थांबला.

फुलवाला सरळ समोर बघत होता. चांभारही. बसच्या रांगेतली माणसं एकेक करून, प्रत्येकाचं डोकं तेवढंच, चौकटीच्या बरोबर मध्ये. कुत्र्याचे दोन्ही कान सारखे दिसत होते आणि त्याचंही तोंड बंद होतं. प्रत्येक फोटोखाली कडं कितीवर होतं तो आकडा दिसत होता. थोरली असो नाहीतर धाकटी, आकडा सत्तरच्या आसपास, स्टुडिओतल्या कॅमेऱ्यावर असायचा तोच. तिच्या अंगठ्याने दोन्ही लेन्सना वळण लावलं होतं. पायांनीही तांबडी पावलं बरोबर नेली होती, फक्त ती आता कुणाला दिसत नव्हती.

"मावशी, हे बघा," लेन्सवाला हळूच म्हणाला आणि काटेवाल्यांचे फोटो त्याने एकापाठोपाठ लावले. गाल फुगलेले, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या, खांदे अजून हलताहेत की काय असं वाटावं. आणि ओठ मिटलेले. सगळ्यांत. "त्यांचं हसून झालं की मग तुम्ही बटण दाबता. ओठ मिटायची वाट बघतं तुमचं बोट. लेन्स मी तिसरीही देईन, पण बोट कुठून देऊ?"

मावशीने स्वतःच्या बोटाकडे बघितलं. तिच्या बोटाचं एवढ्या वर्षांचं शहाणपण होतं ते. ओठ उघडे असले की फोटो परत येतो, माणसाला कामधाम सोडून पुन्हा हेलपाटा पडतो, म्हणून थांबायचं. त्या थांबण्यावरच तिचं नाव झालं होतं. आता तेच थांबणं तिच्या मुळावर आलं होतं. तिने दोन्ही लेन्स उचलल्या आणि लेन्सवाल्याचा चहा न घेता घरी आली. वाटेत तिला रडू आलं, आणि भर रस्त्यात कुत्र्याने ते बघितलं याचा रागही आला.

दुपार कलली तशी काटेवाले भाजी घेऊन आले आणि नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात टेबलाशी बसले. तिथल्या खिडकीसमोर शेजारच्या घराची भिंत होती, त्यामुळे भरदुपारीही तिथे संध्याकाळ असे. त्यांनी आपला छोटा तराजू पुढ्यात ओढला. भाजीवाल्याचा काटा त्यांनी स्वतः दुरुस्त केलेला, त्यामुळे घरी येऊन त्याची परीक्षा घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आणि भाजीवाला रोज काटा बरोबर दाखवून वर गुपचूप मूठभर जास्त टाकत असे, त्यामुळे परीक्षेत काटा रोज नापास व्हायचा. या रोजच्या विनोदावर ते रोज हसत. मावशी दाराशी उभी राहून ते बघत होती.

तिच्या मनात आलं, डोळ्यांनी बघितलं तर बोट थांबणारच. मग बघायचंच कशाला? शीळ तर आधी वाजते.

तिने थोरली लावली. अशा काळोख्या खोलीत धाकटीचं काम नव्हतं. अंगठा सवयीने सत्तरकडे निघाला, तर तिने दुसऱ्या हाताने कडं उलटं फिरवलं, पार चोवीसपर्यंत, म्हणजे कुठेही रोखलं तरी सगळी खोली आत येईल. मग ती टेबलाच्या अगदी जवळ गेली, इतकी जवळ ती कॅमेरा घेऊन कधीच कुणाच्या गेली नव्हती. कॅमेरा पोटाशी धरला आणि डोळे घट्ट मिटले.

काटेवाल्यांनी मान वर केली. "काय गं, काय झालं?"

"काही नाही," मावशी म्हणाली. "तुम्ही तुमचं वजन करा. मला तुमचं हसू हवंय. बघितलं की माझ्याच्याने बटण दाबवत नाही, म्हणून बघत नाहीये."

पारड्यात भाजी पडल्याचा आवाज काही आला नाही. मावशीला वाटलं, झालं, सांगितलं आणि बसली दातखीळ. हात दाखवून अवलक्षण. ती तशीच उभी राहिली, पाय जुळवलेले, पाठ ताठ, ओठ मिटलेले. काटेवाले बघत होते. समोर त्यांची बायको, अर्ज करायला आल्यासारखी.

"हनुवटी जरा खाली," ते म्हणाले.

मावशीची हनुवटी खरंच खाली आली. शीळ वाजली. आणि बोटाने बटण दाबलं.

फोटो तिने बराच वेळ उघडला नाही. उघडला तेव्हा तो चांगलाच तिरका होता. एक कान गायब, डोक्याचा वरचा भाग कापलेला, पुढे तराजूचं पारडं, त्यात भाजी, बोटं हललेली. आणि मधोमध ती फट, तिच्या दोन्ही बाजूंचे दात, मागे उघडलेलं तोंड आणि बायकोकडे बघून पाण्याने भरलेले डोळे. हा माणूस आपल्याकडे असं बघतो, हे मावशीने आजवर कॅमेऱ्यातून बघितलंच नव्हतं, कारण तेवढ्यात ती ओठ मिटा म्हणायची. तिने फोटो नवऱ्यापुढे धरला. "कुठल्याच कचेरीत चालणार नाही हा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा होता की काटेवाल्यांनी उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली.

दुसऱ्या दिवशी दात गेले. धाकटीही गेली, लेन्सवाल्याकडे परत. तिचे हात लांब असले तरी या घरात लांबून काही टिपायचं उरलं नव्हतं, असं मावशीने त्याला सांगितलं. फोटो मोठा करून तिने स्टुडिओच्या काचेत नमुन्याच्या जागी लावला. हे बघून गिऱ्हाइकं हसत हसत आत येतील आणि मग त्यांचे ओठ मिटवायला मला नाकी नऊ येतील, म्हणून लेक कुरकुरली. पण काढला तिनेही नाही.

कवळी छान बसली आहे. दात एकसारखे आहेत, डॉक्टर म्हणाले होते तसे, फट कुठे नाही. काटेवाले पूर्वीइतकेच हसतात, भाजीवाला पूर्वीसारखाच जास्त देतो, आणि थोरली आता स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांशेजारी असते, कारण ती लागते तिथेच. फक्त हसण्याच्या आधी आता शीळ वाजत नाही. त्यामुळे मावशीला डोळे उघडे ठेवूनच बटण दाबावं लागतं, आणि ती दाबते.